सांगायचं कुणी

"हात," टाचणी म्हणाला, आणि तिचं वाक्य जागच्या जागी गार पडलं.

ओरडला नव्हता तो. आवाज चढवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. शेवटच्या बाकामागे भिंतीला टेकून उभा राहायचा आणि तिथून एकेक शब्द टोचायचा, म्हणून तर वर्गानं पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव टाचणी ठेवलं होतं. अंगकाठीही तशीच, आणि वर गोल गुळगुळीत डोकं. "बघा तुमचे हात. बघा, बघा. काय चाललंय त्यांचं?" तिनं बघितलं. उजवा हात हवेत, डोळ्यांसमोर, दोन बोटं फाकलेली. डावा तळहात छातीपुढे आडवा, त्यावर कुणी काही ठेवणार असल्यासारखा. हे इथवर कधी आले, तिला काही पत्ता नव्हता. ती आपल्या कामाविषयी सांगत होती. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, तिच्यात एकामागून एक भिंगं घालायची, आणि 'आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?' असं विचारत राहायचं. बरं चाललं होतं की! पुढच्या बाकावरची नर्स तर हसतही होती. "कडेला सोडा," टाचणी म्हणाला. तिनं सोडले. "हं. आता बोला." तिनं तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. विसरणं वेगळं, विसरलं की निदान काय विसरलंय ते चाचपडता तरी येतं. इथं चाचपडायला जागाच नव्हती. जीभ होती, दात होते, ट्यूबलाइटची बारीक घरघर ऐकू येत होती, आणि माणसं माना वर करून बघत होती. कुणीतरी खोकलं. तिनं "माफ करा" म्हटलं, तेही पुटपुटत, आणि जाऊन बसली. बसल्यावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, चोरी करताना सापडलेत जणू.

"लोक तुम्हाला ऐकायला येतात, बघायला नाही," टाचणी सगळ्या वर्गाला म्हणाला. हे त्याचं आवडतं वाक्य. तरुणपणी तो म्हणे नाटकात पडद्यामागून नटांना वाक्यं पुरवायचा, तेव्हा बघणं आणि ऐकणं यांची फारकत त्याच्या अंगातच भिनलेली असणार. वाईट माणूस नव्हता. ज्याची बोबडी वळायची त्याला पाणी द्यायचा, जो फुशारक्या मारायचा त्याला दोन शब्दांत जमिनीवर आणायचा. पण हात म्हटले की त्याच्या कपाळाला आठी पडायची. दिवसभर कामं उरकून संध्याकाळी शिकायला येणारा वर्ग हा. सगळे दमलेले, सगळ्यांना पास झाल्याच्या कागदाची गरज. तिचंही तसंच. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला तिची जागा ठरली होती, फक्त भाषणकलेचा हा एक वर्ग पास व्हायचा बाकी. चार माणसांपुढे ज्याला उभं राहता येत नाही तो मुलांपुढे काय उभा राहणार, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यात चूक तरी काय होती?

खरं तर तिथल्या तिथे सांगून टाकता आलं असतं. सर, माझे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे, आमच्या घरात हातांनीच बोलतात, माझ्या हातांना आवरता येत नाही. संपलं. टाचणी वरमला असता, कदाचित सूटही दिली असती. पण मग वर्गातली सगळी डोकी एका बाजूला कलली असती. ती कललेली मान तिला लहानपणापासून पाठ होती. दुकानदाराची, बाईंची, घरमालकाच्या बायकोची. 'अगं बाई, दोघंही?' असं म्हणून एक जीभ टाळ्याला लागायची, च्‌ च्‌ च्‌. आईला तो आवाज कधी ऐकू आला नाही, म्हणून मान कलली की आई आपली हसायची, माणूस गोड आहे म्हणायची. च्‌ च्‌ च्‌ सगळा तिच्या एकटीच्या वाट्याला. आणि लोकांना वाटायचं, बहिऱ्यांचं घर म्हणजे काय शांत असेल! शांत कसलं डोंबलाचं. त्यांच्या घराइतका गोंगाट अख्ख्या इमारतीत नव्हता. दारं धाडकन आपटायची, भांडी आदळायची, खुर्च्या फरफटायच्या, कारण ऐकणारं कोण होतं? बाबा हसायला लागले की खालच्या मजल्यावरचे लोक छताला काठीनं ठोकायचे. ते ठोकणंही तिलाच ऐकू यायचं. मग ती बाबांपुढे उभी राहून सांगायची, खालचे चिडलेत. आणि बाबा तोंडावर हात दाबून, खांदे गदगदा हलवत, आणखीच हसायचे. छापखान्यात पुस्तकं बांधायचे ते. यंत्रांच्या धडधडीनं बाकीच्यांचे कान किटून जायचे आणि हे आपले दिवसभर मजेत.

बोलायला ती कधी शिकली हे कुणालाच आठवत नाही. पण बोलायला लागल्या दिवसापासून ती घराचं तोंड झाली एवढं नक्की. दाराशी कुणी आलं, ती. वाण्याकडे, ती. शाळेत पालकांना बोलावलं तर स्वतःच्याच तक्रारी स्वतःच आईला सांगायच्या, तीही ती, आणि त्यात एका शब्दाची काटछाट करायची नाही हे बाबांनी डोळे वटारून बजावलेलं. आई जे म्हणेल ते जसंच्या तसं. त्यामुळे एकदा, शाळेत नुकतीच जायला लागली असेल, दवाखान्याच्या टेबलाच्या वर जेमतेम नाक येत होतं, आणि ती डॉक्टरला खणखणीत आवाजात म्हणाली होती, "बाळंतपण झाल्यापासून माझी कंबर धरते, आणि हल्ली पाळीच्या आधी तर उठवत नाही." कंपाउंडर हसून हसून स्टुलावर बसला. आई विचारत राहिली, काय झालं, काय झालं, का हसतोय हा? काय सांगणार? तिला स्वतःलाच कळलं नव्हतं. पण कानशिलं तापली होती, आणि घरी येताना तिनं आईचा हात धरला नाही. आईला वाटलं पोर दमली. पोर दमली नव्हती, चिडली होती. पण चिडल्याचं सांगायचं तर हातांनीच सांगावं लागणार, आणि ते हात तर सकाळपासून आईचंच बोलत होते.

टाचणीनं तिच्यावर खडूचा प्रयोग केला. प्रत्येक मुठीत एकेक खडू द्यायचा आणि बोलायला लावायचं. खडू मोडला नाही, खाली पडला नाही, म्हणजे हात गप्प राहिले. पहिल्या दिवशी तिनं दोन्ही खडूंचा भुगा केला. "अहो, खडू मला विकत घ्यावे लागतात," टाचणी म्हणाला, आणि वर्ग हसला. तीही हसली, पण घामानं भिजलेली पांढरी पूड तळहातांच्या रेषांमध्ये चिकटून बसली होती. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती मागच्या खोलीत जायची, भिंगं घासायच्या यंत्रापाशी, आणि कोपऱ्यातल्या उभ्या आरशासमोर दोन्ही मुठींत चष्म्याची एकेक डबी धरून बोलायची. काहीही बोलायची, भिंगांचे भाव, हवापाणी, पाढे. मोठं विचित्र वाटायचं. हात थांबले की आवाज कुठल्यातरी दुसऱ्याच बाईचा यायचा, घोगरा, सावकाश, प्रत्येक शब्द आधी तपासून मग बाहेर सोडणारा. घाबरायला व्हायचं. आणि खोटं कशाला बोला, आवडायलाही लागलं होतं. या बाईचं बोलणं कुणाला दिसत नव्हतं. आजवर तोंडानं जे म्हटलं ते हातांतून गेलं नाही असं क्वचितच झालं असेल, आणि हातांतलं सगळं आईला दिसायचं. अंधारात बोललं तरच काय ते आपलं. आता भर उजेडात, मुठी मिटून, वाटेल ते म्हणता येत होतं. मालकानं एकदा पडदा बाजूला करून आत डोकावलं. "कोण आलंय गं?" कुणी नाही, ती म्हणाली. मालक आरशाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघून निघून गेला.

घरी सराव करायची सोय नव्हती. आई शिवणयंत्रावर बसलेली असली तरी तिचे डोळे अख्ख्या खोलीला पुरून उरायचे. ती शेजारपाजारचे कपडे शिवायची, वर्गातल्या त्या नर्सचा गणवेशही तिनंच कंबरेत घेतला होता. पाठमोरी असतानाही तिला कोण हललं, कोण थांबलं ते जमिनीच्या थरथरीवरून कळायचं. "तिथं काय शिकवतात तुला?" आईनं एकदा हातातला कपडा बाजूला ठेवून विचारलं. "बोलायला," तिनं सांगितलं. आईला हसू आवरेना. "तुला? जन्मल्यापासून तर तू बोलतेच आहेस. आम्हा दोघांच्या वाटचंही तूच बोललीस!" हे सांगताना आईचे हात भराभर, आनंदात फिरले, सुया टोचून खरबरीत झालेली बोटं यंत्राच्या दिव्याखाली चमकली. तीही हसली. पण लगेच तिनं विषय बदलला.

शेवटच्या भाषणाचा विषय टाचणीनं सगळ्यांना एकच दिला: आजवर कुणालाही न सांगितलेलं काहीतरी. "चोऱ्यामाऱ्या सांगू नका, मला साक्षीला जावं लागेल," तो म्हणाला. "पण जे सांगाल ते पहिल्यांदाच तोंडातून निघालेलं असू द्या. मला ते ऐकून कळतं." आणि त्या दिवशी वर्गाबाहेरचे लोक हवेत, ओळखीच्या चेहऱ्यांपुढे कुणीही बोलतं, तेव्हा प्रत्येकानं आपापल्या घरचं किंवा कामावरचं एक माणूस आणायचं. नर्सनं लगेच वळून विचारलं, "तू कुणाला आणणार? काकूंना?" "आईला काय ऐकू येणार आहे," ती म्हणाली. नर्सला तिच्या घरचं ठाऊक होतं, पण तिनं ते वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं, एवढी समज होती तिला. "दुकानाच्या मालकांना विचारते." मालकाला विचारलं नाही. कुणालाच विचारायचं नव्हतं. विषय ऐकला त्या क्षणी तिला कळलं होतं आपण काय सांगणार आहोत ते. जणू इतकी वर्षं ते दाराशी चपला घालून तयारच बसलं होतं.

बाबा गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती. इस्पितळाच्या बोळकांडीत लाकडी बाकावर आई बसली होती, आणि ती आईच्या शेजारी, पाय हलवत. भिंतीचा खालचा अर्धा भाग हिरवा, वरचा पांढरा, आणि ती मधली रेघ बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. डॉक्टर बाहेर आला. त्यानं आईकडे बघितलं, मग हिच्याकडे, मग पुन्हा आईकडे. आणि तिला कळलं, आता हा वाकणार. सगळे वाकायचे. तो वाकला. त्याच्या खिशातलं पेन तिच्या नाकासमोर आलं. "बाळ," तो म्हणाला, "आईला सांग, आम्ही खूप प्रयत्न केले. पण बाबा गेले. सांगशील ना नीट?" तिनं मान डोलावली. सांगणार होतीच ती. आजवर काय सांगितलं नव्हतं? पण आईकडे वळायच्या आधी ती उठली, बोळकांडीच्या टोकाला नळ होता तिथं गेली, ओंजळीनं पाणी प्यायली. तहान नव्हती. फार थंड पाणी होतं, कोपरापर्यंत ओघळलं. तेवढ्या वेळात बाबा फक्त तिच्यापुरते गेलेले होते. मग तिनं फ्रॉकला हात पुसले, कारण ओल्या हातांनी नीट बोलता येत नाही, आणि येऊन आईसमोर उभी राहिली आणि सांगितलं. डॉक्टरनं सांगितलं तस्संच, 'आम्ही खूप प्रयत्न केले' यासकट. आईनं जो आवाज काढला तो आईला ऐकू आला नाही. बोळकांडीतल्या सगळ्यांनी वळून बघितलं, आणि ती त्या सगळ्यांच्या आणि आईच्या मध्ये उभी राहिली. त्यानंतर दिवसभर ती बोलतच होती. काकांना फोन लावला. गाडीवाल्याला पत्ता सांगितला. कागदावर सही कुठं करायची ते आईला दाखवलं. आणि येईल तो माणूस तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होता, आईला सांभाळ हं, आता तूच तिला. सांभाळलं. काय करणार? पण बाबा गेले हे तिला कुणी सांगितलंच नाही. जवळ घेऊन, खाली बसून, तुझे बाबा गेले असं तिचं म्हणून कुणी सांगितलं नाही. ती बातमी तिच्या हातून नुसती पुढे गेली, पोस्टमनच्या हातून जावी तशी. पोस्टमन थोडाच रडत बसतो? ती रडली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. आणि आता पंचविशी उलटल्यावर, चष्म्याच्या दुकानात कुणा म्हाताऱ्याच्या नाकावरची फ्रेम सरळ करताना, एकदम छातीत काहीतरी दाटून यायचं आणि तसंच विरून जायचं, शिंक यावी यावी आणि येऊ नये तसं.

हे तिला एकदा म्हणायचं होतं. मोठ्यानं, परक्यांपुढे, स्वतःच्या तोंडानं, आणि आईला न कळता. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आईला कळलं तर पुन्हा आईचंच सांत्वन करायची वेळ येणार, आणि तेही हिनंच. मार्कांचं काय व्हायचं ते होवो, तिला त्या दिवशी ही एक गोष्ट अंगावरून उतरवायची होती. आरशासमोर ती किती वेळा म्हणाली असेल ते. मुठीतल्या डब्या आता हलतही नव्हत्या.

भाषणांच्या दिवशी कॉलेजच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, आई बसली होती. ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून बसवलेले, मांडीवर पर्स, तिच्यावर दोन्ही हात. लेकीला बघून तिचा चेहरा असा उजळला, की ही दारातच थबकली. "अगं मीच मेसेज केला काकूंना," नर्स कानाशी येऊन कुजबुजली. "तू एकटीच येणार, बरं दिसतं का ते? किती खूश झाल्या म्हणून सांगू!" "तुला कुणी सांगितलं होतं?" ती दातांवर दात ठेवून म्हणाली. नर्सचं तोंड एवढंसं झालं. तिला वाईट वाटलं, पण आत्ता नर्सची समजूत घालायला वेळ नव्हता. पळून जावंसं वाटत होतं. विषय बदलावा, चष्म्याबद्दल बोलावं. पण टाचणीनं नावापुढे कशाबद्दल ते आधीच लिहून घेतलं होतं, 'वडील गेले तो दिवस', आणि त्याला म्हणे ऐकून कळायचं. मग तिच्या डोक्यात एक थंड, व्यवस्थित विचार आला, आणि त्या विचाराची तिची तिलाच शिसारी आली. हात हलवायचेच नाहीत. नियमच आहे तसा. आईला एक अक्षर कळणार नाही. आईच्या तोंडावर, आईसमोर उभं राहून सगळं म्हणता येईल, आणि आई हसत बघत राहील.

तिची पाळी आली. तिनं पोडियमच्या दोन्ही कडा धरल्या आणि सुरुवात केली, आणि काय आश्चर्य, ती घोगरी सावकाश बाई आली, आरशातली, अजिबात न अडखळता. तिनं छापखाना सांगितला, बाबांचं हसणं सांगितलं, कंपाउंडर सांगितला तेव्हा खोली खळखळून हसली. मग बोळकांडी. हिरवी भिंत, पांढरी भिंत. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईनं रुमाल काढला. तिला दिसत होतं, हळूहळू त्यांच्या लक्षात येतंय, पहिल्या रांगेतली ती बाई कोण ते. एकेक मान आईकडे वळत होती, कलत होती. आणि आई? आईला आधी वाटलं सगळं छान चाललंय. लोक हसले तेव्हा तीही हसली होती, अंमळ उशिरा. आता ती वळून लोकांची तोंडं बघत होती. रुमाल बघितला. आपल्याकडे लागलेले डोळे बघितले. मग तिनं लेकीकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही, ओठांकडे नाही, पोडियमच्या कडांवर आवळलेल्या बोटांकडे. पांढरी पडली होती ती. बराच वेळ आई त्या बोटांकडेच बघत राहिली. आणि मग पर्स बाजूला ठेवून, भर खोलीत, हात वर करून तिनं विचारलं, "तुझ्या हातांना काय झालं?"

ती थांबली. अख्ख्या खोलीत तो प्रश्न तिला एकटीला कळला होता. भिंतीपाशी टाचणी सरळ उभा राहिला होता, हातात मार्कांचा कागद. "दुखतायत का?" आईनं पुन्हा विचारलं, कपाळावर काळजीच्या आठ्या. ताप आल्यावर विचारायची तसं. "दाखव." काही नाही म्हणायचं, मान हलवायची, पुढे जायचं. थोडंच तर राहिलं होतं, नळ आणि पाणी आणि शेवटचं वाक्य. तिनं तोंड उघडलं, आणि त्या घोगऱ्या बाईनं पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, तेही दिसत होतं. पण ज्या माणसाशिवाय हे वाक्य घडलंच नसतं ते माणूस समोर बसून हातांची चौकशी करत होतं, आणि ते वाक्य तिच्यापासून लपवून या परक्या रुमालवाल्या बाईला द्यायचं, हे तिच्यानं होईना. संताप आला. आईचा, नर्सचा, स्वतःचा, सगळ्यांचाच. तिनं पोडियम सोडला.

हातांना आधी मुंग्या आल्या होत्या. मग ते सुटले. आवाज कधी बंद झाला तिला कळलंही नाही. तिनं पहिल्यापासून सांगितलं, फक्त आईला. डॉक्टर वाकला ते, पेन, नळ, थंड पाणी, फ्रॉकला पुसलेले हात. "मी तुला सांगितलं," हात म्हणाले, इतक्या जोरात, की तळहातावर मूठ आपटल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "काकांना सांगितलं, गाडीवाल्याला सांगितलं. मला कुणी सांगितलं? मी दहा वर्षांची होते. सगळे म्हणाले आईला सांभाळ. मला तुझा राग आला होता. अजून येतो. माझे बाबा गेले हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

आई बसल्या जागी बसून होती, तोंड किंचित उघडं. आता ती रडणार, तिला वाटलं. आता खाली उतरायचं, जवळ घ्यायचं, पाणी आणायचं. पण आई रडली नाही. ती उठली. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून, कारण कंबर धरली होती, आणि चालत पुढे आली, पोडियमच्या बाजूनं, थेट लेकीपाशी. "मला आधीच कळलं होतं," आई म्हणाली. तिचे हात लहान, अंगालगत फिरत होते, घरात बोलतात तसे. "तो दारातून बाहेर आला तेव्हाच. त्याचं तोंड बघून. तू पाण्याला गेलीस, ते मी बघत होते. उठून तुझ्यामागे यायला हवं होतं. उठले नाही. तू परत येशील आणि सांगशील म्हणून बसून राहिले. सगळं तूच सांगायचीस ना."

"काय म्हणतायत त्या?" टाचणीनं मागून विचारलं, हलकेच, अगदी न टोचता. खोलीतले सगळे डोळे हिच्याकडे वळले, नेहमीसारखे, आता ही सांगेल म्हणून. तिनं सांगितलं नाही.

आई खाली वाकली. लेक तिच्यापेक्षा वीतभर उंच होती, वर पोडियमच्या पायरीवर उभी होती, तरी आई कमरेत वाकली, आणि दहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांसमोर येतील इतके खाली तिनं आपले हात आणले. मग अगदी सावकाश, लहान मुलांशी बोलतात तसं एकेक खूण सुटी करून, आधी बोट लेकीच्या छातीकडे, मग ओठावरून बोट फिरवून बाबांची मिशीची खूण, आणि मग उघडा तळहात हळूहळू पालथा, आईनं तिला सांगितलं, "बाळ, तुझे बाबा गेले."

तिचे हात आपोआप वर आले. "कधी?" तिनं विचारलं.

"आत्ता," आई म्हणाली. "आत्ताच गेले."

मग तिला रडू फुटलं. ती पायरीवरच बसली आणि मोठमोठ्यानं, कशाचीही लाज न बाळगता, नाक वाहेपर्यंत रडली, आणि आईनं तिचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरून ठेवलं.